रात्रीतून खताच्या टाकीत खडे कुठून येतात? खान्देशातल्या ठिबकमागचं मिठाचं गणित

डिसेंबरातली दुपार. रावेर-यावल भागातल्या केळीच्या मळ्यात टाकीभर पाण्यात १३:०:४५ हे खत ढवळून ठेवलं जातं. संध्याकाळी पाणी स्वच्छ, काचेसारखं. सकाळी झाकण उघडलं की तळाशी पांढरे खडे! पहिला संशय एकच: खत भेसळीचं निघालं. पण अगदी शुद्ध खतसुद्धा असंच वागतं. का, ते समजून घेऊया.

थंडीची करामत

१३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. रसायनशास्त्राच्या भाषेत हे एक मीठच. ३० अंश तापमानाला १०० लिटर पाण्यात ते सुमारे ४५ किलो विरघळतं, २० अंशांना ३१ किलो, तर १० अंशांना फक्त २१ किलो. म्हणजे दुपारी १०० लिटरमध्ये ३० किलो विरघळवलं आणि पहाटे पाणी १० अंशांवर आलं, तर जवळपास ९ किलो खत पुन्हा खडे होऊन तळाशी बसणार. धुळे-जळगावच्या थंडीत हे अवघड नाही. त्यात हे खत विरघळताना स्वतःच पाण्यातली उष्णता ओढून घेतं, म्हणून टाकी हाताला गार लागते.

स्वयंपाकघरातलं मीठ मात्र असं करत नाही. थंड पाणी असो की कोमट, १०० लिटरमध्ये ते ३६ किलोच्या आसपासच विरघळतं. प्रत्येक मिठाचा स्वभाव वेगळा.

दोन खतं एकत्र आली की

कॅल्शियम नायट्रेट एकटं सहज विरघळतं. १२:६१:० हेही विरघळतं. पण दोन्हींचं दाट द्रावण एकाच टाकीत केलं की पाणी दुधाळ होतं आणि गाळ बसतो. कारण पाण्यात खताचे कण अखंड राहत नाहीत. त्यांचे विद्युतभारित तुकडे होतात, त्यांना आयन म्हणतात. एका खतातलं कॅल्शियम दुसऱ्यातल्या फॉस्फेटला भेटतं आणि सहज न विरघळणारं नवंच संयुग तयार होतं. सल्फेट असलेल्या खतासोबत असाच जिप्समचा गाळ बसतो.

मग एकेका खताचा तक्ता पाहून भागणार कसं? त्यात बोअरच्या पाण्यात आधीच कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि बायकार्बोनेट असतात. इथेच अवस्था समीकरणं कामाला येतात.

अवस्था समीकरण म्हणजे काय?

एखाद्या पदार्थाचं तापमान, दाब आणि त्याने व्यापलेली जागा यांचं नातं सांगणारं सूत्र म्हणजे अवस्था समीकरण. डच शास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ मध्ये असं एक प्रसिद्ध समीकरण मांडलं. रेणू जागा अडवतात आणि एकमेकांना ओढतात, हे त्यांनी हिशेबात धरलं. अशा सूत्रावरून मिश्रणातल्या प्रत्येक घटकाची बाहेर पडण्याची ओढ किती, हे काढता येतं. पाण्यातल्या आयनांची ही ओढ खड्यातल्यापेक्षा जास्त झाली की खडा बनू लागतो.

मिठाच्या पाण्यात अडचण विद्युतभाराची असते. धुळ्याच्या एकवीरा देवीच्या यात्रेत चारी बाजूंनी नातेवाईकांनी वेढलेला माणूस मोकळेपणी फिरू शकत नाही. तसंच प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचा घोळका असतो. त्यामुळे आयन मोजायला शंभर असले, तरी शंभरांइतकं काम करत नाहीत. या परिणामी संख्येला ‘सक्रियता’ म्हणतात.

पीटर डिबाय आणि एरिख ह्यूकेल यांनी १९२३ मध्ये हे गणित मांडलं, पण ते पातळ द्रावणांपुरतं चालायचं. दाट द्रावणांसाठी केनेथ पिट्झर यांची १९७३ पासूनची सूत्रं उपयोगी पडली. आजच्या अवस्था समीकरणांत रेणूंची ढकलाढकली, त्यांचं आकर्षण, पाण्याचे हायड्रोजन बंध आणि आयनांचा भार हे सगळं एकत्र मोजतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं ‘फ्रीक्सी’ हे मोफत सॉफ्टवेअर पाण्यातून कोणतं खनिज बाहेर पडेल याचा हिशेब करतं.

हे गणित कधी अंदाजाच्या उलटं उत्तर देतं. साध्या पाण्यात जिप्सम लिटरला सुमारे अडीच ग्रॅम विरघळतं. मिठाच्या दाट पाण्यात मात्र त्याच्या दुपटीहून जास्त! घोळक्यात अडकलेल्या कॅल्शियम आणि सल्फेटला एकमेकांशी जुळायला कमी वाव मिळतो, म्हणून.

नळीच्या टोकाला चुना का?

खान्देशातल्या बेसाल्ट खडकातल्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट असतंच. विहिरीतून वर आल्यावर, ड्रिपरपाशी दाब कमी झाल्यावर, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना बसू लागतो. इतर मिठांच्या उलट, तापमान वाढलं की चुना कमी विरघळतो. म्हणून मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या काळ्या नळीत ड्रिपर चोंदण्याचा धोका वाढतो. एका ओळीत काही झाडांना पाणी, काही कोरडी. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या केळीला हे महागात पडतं.

मग करायचं काय?

टीडीएस किंवा ईसी मीटर पाण्यात एकूण क्षार किती ते सांगतं, कोणते ते नाही. गाळाचा अंदाज हवा तर प्रयोगशाळेतून कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि सामू तपासून घ्यावा. हिवाळ्यात द्रावण पातळ करावं किंवा त्याच दिवशी सोडावं. कॅल्शियमचं खत वेगळ्या टाकीत ठेवावं. शंका असेल तर विहिरीच्याच पाण्यात, टाकीतल्याच प्रमाणात बाटलीभर मिश्रण करून रात्रभर ठेवून बघावं.

आणि चुना काढायला ॲसिड वापरताना ॲसिड पाण्यात ओतावं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. क्लोरीनसोबत तर ते चुकूनही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो.