लाइट कुठे गेली, हे तारेला कळलं तर

मालवणात लाइट गेली की पहिला फोन शेजारच्या वाडीत जातो, "तुमच्याकडे लायट आसा काय?" आणि दुसरा वायरमनला. बिघाड कुठे झाला, हे शोधायची आपल्या किनाऱ्यावरची पद्धत अजून बऱ्याच अंशी या दोन फोनांवर चालते. स्मार्ट ग्रिड म्हणजे आपली खबर आपणच देणारं वीजजाळं. हे दोन फोन करायची वेळ येऊ नये, हे त्याचं पहिलं काम. दारातला नवा मीटर हा त्या जाळ्याचा शेवटचा तुकडा आहे. चर्चा मात्र त्याच्यापासूनच सुरू होते आणि तिथेच अडते. म्हणून आपण विजेच्या वाटेने, वरून खाली येऊ.

सुरुवातीला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. वीज साठवता येते, पण फारच थोडी. आपण बटण दाबतो त्याच क्षणी तेवढी वीज कुठेतरी तयार व्हावी लागते. हा ताळमेळ बसला आहे की नाही, हे वारंवारतेवरून, म्हणजे विजेच्या प्रवाहाची सेकंदाला किती आवर्तनं होतात त्यावरून, कळतं. आपल्या देशात हा आकडा ५० असायला हवा. मागणी वाढली की तो खाली घसरतो, वीज जास्त झाली की वर चढतो.

राज्यापुरती ही राखण कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून होते. संध्याकाळी दिवे, पंखे, एसी एकदम सुरू झाले की कोयनेसारखे जलविद्युत संच कामाला लावतात, कारण पाणी सोडलं की ते काही मिनिटांत वीज देऊ लागतात. कोळशाच्या संचाला तापायलाच तास लागतात. कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे आणि तिचा खरा उपयोग या अडीनडीच्या वेळी होतो. वरच्या पातळीवरचं जाळं असं पुष्कळ आधीपासून शहाणं आहे. तिथे क्षणाक्षणाचे आकडे पडद्यावर दिसतात. अंधार आहे तो खाली, आपल्याकडे येणाऱ्या शेवटच्या काही मैलांत.

सह्याद्री उतरून आलेली वीज टप्प्याटप्प्याने दाब कमी करत येते. तालुक्याच्या उपकेंद्रात ती ३३ हजार व्होल्टने पोचते आणि तिथून ११ हजार व्होल्टने गावोगाव निघते. या ११ हजारांच्या एकेका लाइनला फीडर म्हणतात. वाडीतल्या डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, ती आपल्या घरच्या २३० व्होल्टवर येते. तारांची नावं मोठी गमतीची आहेत. जाडीनुसार विझल, रॅबिट, डॉग अशी प्राण्यांची नावं इंग्रजांच्या काळापासून चालत आली आहेत, आणि वायरमनही "इथे रॅबिट ओढलाय" असंच बोलतात.

आता फीडरवर नारळाची झावळी पडली असं समजू. दोन तारा एकमेकींना टेकतात, प्रवाह एकदम वाढतो आणि उपकेंद्रातला ब्रेकर, म्हणजे आपोआप तुटणारा मोठा स्विच, पूर्ण फीडर बंद करतो. झावळी पडली एका माडाखाली आणि अंधार झाला पाच-सहा गावांत. उपकेंद्रातल्या माणसाला एवढंच कळतं की फीडर गेला. कुठे गेला, हे कळत नाही.

मग शोध सुरू होतो. वायरमन लाइनच्या मध्यावरचा एबी स्विच खाली ओढून अर्धी लाइन सोडतो आणि उपकेंद्राला उरलेली अर्धी चार्ज करून बघायला सांगतो. ती टिकली, तर बिघाड पुढच्या अर्ध्यात. मग पुढचा स्विच. पावसात, रात्री, खाडीच्या काठाने, बॅटरीच्या उजेडात. खरं तर झावळी बाजूला करायला पाच मिनिटं लागतात. बाकीचा सगळा वेळ ती सापडण्यात जातो.

जाळं शहाणं करायचं तर पहिला खर्च इथे व्हायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. यातलं पहिलं साधन ऑटो-रिक्लोजर, म्हणजे बंद पडल्यावर काही सेकंदांनी स्वतःच पुन्हा जोडून बघणारा स्विच. उघड्या तारांवरचे बरेचसे बिघाड क्षणभराचे असतात. फांदी घासली, पक्षी बसला, झावळी टेकून खाली पडली. लाइट जाऊन लगेच येते, पुन्हा जाते आणि येते, तेव्हा आपण वैतागतो. पण ज्या फीडरवर हे साधन आहे तिथे तो लपंडाव म्हणजे लाइन वाचवायची खटपट असते.

यातच जिवावर बेतणारी चूक होते. तार तुटून रस्त्यावर पडली आणि गावात अंधार आहे, म्हणजे तार मेलेली आहे, असं समजू नये. ती पुन्हा जोडली जाऊ शकते, रिक्लोजरमुळे किंवा उपकेंद्रातून कोणी चार्ज करून बघितल्यामुळे. लांब राहावं, दुसऱ्यांना अडवावं आणि १९१२ वर कळवावं.

दुसरं साधन बिघाडदर्शक. तारेवर किंवा खांबावर बसवलेलं हे छोटं यंत्र आपल्याजवळून बिघाडाचा मोठा प्रवाह गेला, तर लुकलुकायला लागतं आणि सोय असेल तर मोबाइलच्या जाळ्यातून निरोपही पाठवतं. लुकलुकणारं शेवटचं यंत्र आणि न लुकलुकणारं पहिलं, यांच्या मधे बिघाड. वायरमनची अर्धी रात्र वाचते.

तिसरं, दोन बाजूंनी पुरवठा. बिघाडाचा तुकडा बाजूला काढून पुढच्या गावांना दुसऱ्या फीडरवरून वीज द्यायची. शहरात हे सोपं असतं, आपल्याकडे भूगोल आडवा येतो. तारकर्लीहून देवबागकडे जाणारी पट्टी एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्यामध्ये चिंचोळी होत जाते. तिथे दुसरी वाट काढायची तर नदी ओलांडून भोगव्याच्या अंगाने यावं लागेल. अशा टोकाच्या गावांना पुस्तकातला उपाय जसाच्या तसा लागू पडत नाही. तिथे लाइन मजबूत करणं आणि पुढेमागे गावातच बॅटरीचा साठा ठेवणं हेच मार्ग उरतात.

मजबुतीचा विषय निघाला की मिठाकडे यावंच लागतं. तार आणि खांब यांच्यामध्ये चिनी मातीचा इन्सुलेटर असतो, विजेला खांबावर उतरू न देणारा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात खाऱ्या वाऱ्याने त्यावर मिठाचा थर बसत जातो. कोरडा असेपर्यंत तो निरुपद्रवी असतो. पहाटेचं दव किंवा मृगाचा पहिला शिडकावा पडला की थर ओला होऊन वीज वाहायला लागते, ठिणगी उडते आणि लाइन जाते. पहिल्या दोन सरींत लाइट का जाते आणि जुलैच्या धुवाधार पावसात का टिकते, याचं हे एक कारण. मोठा पाऊस मीठ धुऊन नेतो. पाणी न धरणारे सिलिकॉन रबराचे इन्सुलेटर इथे जास्त चांगले. तारेतही पोलादी गाभा असेल तर खाऱ्या हवेत तो आतून गंजतो, म्हणून पूर्ण ॲल्युमिनियम मिश्रधातूची तार किनाऱ्याला बरी. यात स्मार्ट काही नाही, पण गंजलेल्या लाइनवर महागडं यंत्र बसवलं तर ते फक्त लाइन तुटल्याची खबर लवकर देईल.

वादळांनी हे दाखवून दिलं आहे. ११ नोव्हेंबर २००९ चं फयान आणि १६ मे २०२१ ला आपल्या किनाऱ्याला घासून गेलेलं तौक्ते. तौक्तेत झाडं खांबांवर कोसळली आणि जिल्ह्यात कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात राहिली. अशा वेळी कोणताही शहाणा स्विच कामाचा नाही, कारण जोडायला लाइनच नसते. त्यावर जमिनीखालून केबल हा उपाय आहे. अलिबाग शहरात राष्ट्रीय चक्रीवादळ धोके निवारण प्रकल्पातून तशा वाहिन्या घातल्या गेल्या. पण जांभा फोडून चर खणणं महाग, आणि केबलमध्ये दोष आला तर तो डोळ्यांना दिसत नाही. शोधायला खास गाडी मागवावी लागते. त्यामुळे शहराचा मध्य, रुग्णालय, पाण्याची योजना, बंदराजवळचे बर्फाचे कारखाने यांना आधी आणि वाड्यांना नंतर, असा क्रम लावावा लागतो.

आता डीपीवर येऊ. १०० केव्हीएचं, म्हणजे मध्यम आकाराचं, रोहित्र एका फेजवर, म्हणजे तीन जिवंत तारांपैकी एकीवर, साधारण १३० अँपिअर सोसतं. दीड टनाचा एसी पूर्ण चालताना ७ अँपिअरच्या आसपास घेतो. वर्षभर बंद असलेली घरं गणपतीत चाकरमान्यांनी भरतात, दिवाळीनंतर होमस्टे पर्यटकांनी भरतात, आणि तोच डीपी हे वाढलेलं ओझं उचलत राहतो. बहुतेक डीपींवर किती भार आला, हे फ्यूज उडाल्यावरच कळतं. डीपीला मीटर लावला आणि त्याचे आकडे रोज पाहिले, तर चतुर्थीच्या आधीच कळेल की एका फेजवर गर्दी झाली आहे आणि दुसरा मोकळा आहे. मग काही घरं इकडून तिकडे केली की नवा डीपी न आणताही भागतं.

किनाऱ्यावर आणखी एक दुखणं आहे, न्यूट्रलचं. न्यूट्रल म्हणजे विजेची परतीची तार. तिचा सांधा गंजून सुटला तर काही घरांत व्होल्टेज पडतं आणि काही घरांत ३०० च्या पुढे जातं. टीव्ही, फ्रिज एकाच संध्याकाळी जातात. घरातले दिवे काही मंद आणि काही भलतेच प्रखर दिसले, तर वाट न पाहता मेन स्विच बंद करावा.

आता मीटर. केंद्राच्या २०२१ च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेतून स्मार्ट मीटर येत आहेत. दर १५ किंवा ३० मिनिटांचा वापर नोंदवायचा, तो मोबाइलच्या किंवा रेडिओच्या जाळ्यातून पाठवायचा, आणि वीज गेली तर आत उरलेल्या थोड्याशा विजेवर 'गेली' असा निरोप द्यायचा, ही त्याची कामं. सुरुवातीचे ते दोन फोन खरे वाचतात ते या निरोपाने. एका वाडीतल्या वीस मीटरांनी एकदम निरोप दिला तर डीपी गेला, एकाच मीटरने दिला तर त्या घरची सर्व्हिस वायर. अर्थात हे निरोप कार्यालयात कोणी पाहणार असेल तर. आणि दरीतल्या वाडीत रेंज नसेल, तर मीटर आकडे पोटात ठेवून नंतर पाठवतो. वापराची नोंद बुडत नाही, पण बिघाडाची खबर बुडते.

आधी पैसे भरायचे का, ही भीती अजून आहे. सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं राज्य सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केलं. बिल वाढलं अशी शंका असेल तर घरचा मेन स्विच बंद करून मीटरवरचा लाल दिवा बघावा. तो तरीही लुकलुकत राहिला, तर मीटर आणि स्विचच्या मधे गळती आहे किंवा मीटरमध्ये दोष आहे. मग लेखी अर्ज करून मीटर तपासून घ्यावा, तो आपला हक्क आहे.

या मीटरमुळे वेळेनुसार दर शक्य झाले. राज्यात सौर वीज वाढल्याने दुपारी वीज भरपूर असते आणि संध्याकाळी तुटवडा. म्हणून जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या घरगुती वापरावर युनिटला ८० पैशांपासून एक रुपयापर्यंत सवलत जाहीर झाली. दर बदलत राहतात, त्यामुळे चालू दर आपल्या बिलावरच पाहावा. विहिरीचा पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री दुपारी नेता येतात. एक अश्वशक्तीचा पंप तासाला निदान पाऊण युनिट खातो, म्हणजे बागायत असलेल्याला हिशोब लागू पडतो. आमटीचं वाटप मात्र जेवणाच्या वेळीच होणार, आणि मिक्सरच्या त्या दोन मिनिटांची काळजी कोणी करू नये.

शेवटी छप्पर. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. असा संच स्वच्छ उन्हात दिवसाला १२ युनिटच्या आसपास वीज देतो, पावसाळ्यात बरीच कमी. जास्तीची वीज जाळ्यात जाते आणि बिलातून वजा होते. त्याला नेट मीटरिंग म्हणतात. संच घेताना सगळ्यात जास्त फसगत होते ती अशी: लाइट गेली की असा संचही बंद पडतो. आपल्या छपरावरची वीज उलटी लाइनमध्ये शिरली तर खांबावर चढलेला वायरमन मरेल, म्हणून तो मुद्दाम तसा केलेला असतो. अंधारातही वीज हवी असेल तर बॅटरी आणि तिला चालणारा इन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागतो. जनरेटर लावणाऱ्या होमस्टेवाल्यांनीही याच कारणासाठी चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी एकच पुरवठा जोडणारा स्विच, बसवलेला असावा.

माडाची सावलीही महत्त्वाची. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, एकावर सावली पडली तर अख्ख्या माळेची वीज उतरते. विक्रेता सकाळी दहाला पाहणी करून जातो आणि माड दुपारी तीनला छपरावर येतो. म्हणून पाहणी दोनदा करून घ्यावी. सांगाडा जस्ताचा जाड मुलामा दिलेला आणि वादळाचा वारा सोसेल असा मागावा, आणि पॅनेल गोड्या पाण्याने धुवावीत.

अर्ज करण्याआधी महावितरणच्या शाखा कार्यालयात एक प्रश्न विचारावा: आमच्या डीपीवर आधीच किती किलोवॅट सौर संच जोडले आहेत? एकाच डीपीवर फार संच झाले तर भर दुपारी तिथलं व्होल्टेज वाढतं आणि टोकाच्या घराचा इन्व्हर्टर पुन्हापुन्हा बंद पडतो. तो दोष पॅनेलचा नसतो, आणि विक्रेता कितीही वेळा आला तरी त्याच्याने तो सुटत नाही. त्यासाठी डीपीची क्षमता वाढवावी लागते, नाहीतर त्याच्यावरचा दाब ठरवून खाली आणावा लागतो.