कापूस निघाला की बघू

यवतमाळ जिल्ह्यात घरखर्चाच्या बहुतेक प्रश्नांना एक ठरलेलं उत्तर आहे: कापूस निघाला की बघू. जूनच्या पावसावर सरकी टोबायची, दसरा-दिवाळीच्या आसपास पहिला वेचा यायचा, आणि मग कुठे हातात रोख पैसा. घरावरचे टिन, दुकानदाराची उधारी, पोरीचं लग्न, सगळं या एका पिकाच्या भरवशावर. लेकराचं दुखणंसुद्धा.

लेकराच्या शरीराचेही हंगाम असतात. ते कापसाला विचारून येत नाहीत. या दोन पंचांगांचा मेळ घालणं हेच मुलांच्या सरकारी आरोग्यखर्चाचं खरं काम आहे असं मला वाटतं, आणि त्यासाठी आधी हृदयात डोकावायला हवं.

आईच्या पोटात बाळाची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात. तिथे रक्त पाठवून उपयोग नाही. म्हणून हृदयाने दोन आडवाटा ठेवलेल्या असतात: वरच्या दोन कप्प्यांमधलं एक झडपेसारखं दार, आणि दोन मोठ्या धमन्यांना जोडणारी ‘डक्टस’ नावाची छोटी नळी. बाळ जन्मतं, रडतं, फुप्फुसांत हवा शिरते, रक्तातला प्राणवायू वाढतो. तो वाढल्याबरोबर त्या नळीचे स्नायू आवळू लागतात आणि दोन-तीन दिवसांत वाट बंद होते. दारही मिटतं. अंगणवाडीच्या चटईवर बसलेल्या प्रत्येक लेकराने आयुष्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या रक्ताचा रस्ता असा बदललेला असतो.

हजारातल्या आठ-नऊ बाळांच्या हृदयात मात्र काहीतरी राहून जातं. समजा, खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे. जन्माच्या दिवशी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, तरी पुष्कळदा काही ऐकू येत नाही. फुप्फुसांतला दाब अजून उतरलेला नसतो, दोन्ही बाजू जवळपास सारख्या, मग रक्त धावणार कुठे? काही आठवड्यांत दाब उतरतो आणि हृदयातून फूत्कारासारखा आवाज येऊ लागतो. त्यातही छिद्र लहान असेल तर आवाज मोठा. पाटाच्या फळीत बारीक फट राहिली तर पाणी खळखळतं, फळीच काढली तर गुमान वाहतं, तसंच हे. धोक्याचं छिद्र पुष्कळदा हळू बोलतं. बाळ दूध पिताना घामाघूम होतं, दमून सोडून देतं, वजन धरत नाही. आजी म्हणते, लेकराच्या अंगी लागत नाही. वर्षं जातात. जास्तीच्या दाबाने फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या जाड होतात, आणि अखेर रक्त उलट्या दिशेला वळतं. ओठ निळे पडतात. व्हिएन्नाच्या व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ मध्ये अशा रुग्णाची नोंद केली. या टप्प्यावर छिद्र बुजवणं उलट जिवावर बेतू शकतं. ज्या शस्त्रक्रियेने बाळ खडखडीत बरं झालं असतं तिची वेळ टळलेली असते.

हे ओळखायचं कुणी? विम्याचा सारा कारभार या गृहीतावर उभा आहे की ज्याला त्रास होतो तो दाराशी येईल. बाळ येत नाही. दमणं म्हणजे आजार हेही त्याला ठाऊक नसतं, कारण न दमणारं शरीर त्याने कधी अनुभवलेलंच नसतं. म्हणून मुलांच्या बाबतीत पैशाने उठून लेकरापर्यंत जायला हवं.

तो जातो, आणि जाण्याची ही रीत पहिल्यांदा समजली तेव्हा मी थक्क झालो. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये (तेव्हा तो ठाणे जिल्ह्याचाच भाग होता) राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. एक गाडी, दोन आयुष डॉक्टर, त्यांत एक महिला, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी. एकदाच का नाही, याचं उत्तर वरच्या छिद्राने दिलंच आहे. पथकाच्या पिशवीत घंटी, खुळखुळा, टॉर्च, रंगीत लोकर आणि मनुका घातलेली एक छोटी बाटली असते. वर्षाच्या आसपासचं मूल मनुका अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पकडतं की मुठीने ओढतं, यावरून मेंदू आणि बोटं यांचं कितपत जुळलं आहे ते कळतं.

टॉर्चचंही तसंच. डोळ्याच्या बाहुलीत पांढरट झाक दिसली तर जन्मजात मोतीबिंदू असू शकतो. ह्यूबेल आणि वीझल यांनी मांजरीच्या पिल्लांवर दाखवून दिलं की सुरुवातीच्या दिवसांत डोळ्यातून प्रतिमा पोचली नाही, तर मेंदू पाहायला शिकतच नाही. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं. बाळाच्या दाट मोतीबिंदूची शस्त्रक्रिया म्हणूनच पहिल्या दोन महिन्यांत व्हावी लागते. जूनमध्ये जन्मलेल्या बाळाला ऑगस्ट. ऑगस्टमध्ये पऱ्हाटीचं बोंड अजून फुटलेलंही नसतं.

आतल्या बाजूला वळलेलं पाऊल तर मुख्यतः प्लास्टरनेच सरळ होतं. स्पेनच्या यादवीत जखमी सैनिकांवर उपचार करून पुढे अमेरिकेत गेलेल्या इग्नासिओ पोन्सेटी यांची ही पद्धत. दर आठवड्याला पाऊल हाताने थोडं वळवायचं, प्लास्टर घालायचं, असं पाच-सहा वेळा. मग बहुधा टाचेमागच्या शिरेला एक छोटा छेद, आणि पुढे काही वर्षं रात्री खास बूट.

जिल्ह्यातल्या झरी जामणी, केळापूर, घाटंजी या पट्ट्यात कोलामांचे पोड (पाडे) आहेत, गोंड आणि परधानांची गावं आहेत. विदर्भातल्या अनेक आदिवासी आणि बौद्ध कुटुंबांत सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. नवजात बाळाच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, त्याला हा दोष शिवत नाही. पाच-सहा महिने ते बाळाला सांभाळतं, मग ओसरतं, आणि हातापायांची सूज, ताप, वेदना सुरू होतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध काय करतं? ते गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. म्हणजे शरीराला त्याची जुनी आठवण करून देतं! पण ते रोज घ्यावं लागतं, वर्षानुवर्षं, दुष्काळातही.

तपासणीत दोष सापडलेल्या मुलाच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत, म्हणून यवतमाळातही, पांढरं रेशनकार्ड असलेल्या शेतकऱ्यांना तिने आधीच सामावून घेतलं होतं. २०२३ मध्ये राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना तिच्यात घेऊन दीड लाखांची मर्यादा पाच लाख करण्याचा निर्णय झाला.

या पैशाचं पुढे काय होतं? अमेरिकेत एका कायद्याने ३० सप्टेंबर १९८३ नंतर जन्मलेल्या गरीब मुलांना सरकारी आरोग्यसंरक्षण मिळालं. एक दिवस आधी जन्मलेलं मूल बाहेर राहिलं. ते संरक्षण मुख्यतः आठ ते चौदा या वयातलं. पुढे संशोधकांनी तारखेच्या दोन्ही बाजूंची मुलं २५ वर्षांची झाल्यावर पाहिली, तर कृष्णवर्णीय तरुणांपैकी ज्यांना ते मिळालं होतं त्यांच्यावर दवाखान्यात भरती होण्याची वेळ कमी येत होती. संरक्षण संपून दहा-अकरा वर्षं झाली होती, तरी शरीराने ते जपलं होतं.

आपल्याकडच्या या व्यवस्थेत भोकंही आहेत. ३१ जानेवारी २०२१ ला घाटंजी तालुक्यात १२ लेकरांना पोलिओ लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात ती सगळी बरी झाली, पण त्यानंतर एखादी माय पथकासमोर लेकरू आणायला कचरली तर तिला बोल लावता येणार नाही. प्रशिक्षण, पुरेसं मनुष्यबळ, वेळेवर पगार यांवरचा खर्च हा उपचारावरचाच खर्च धरायला हवा.

आणि एक भोक तर अगदी कापसाच्या शेतातच आहे. वणी असो की उमरखेड, जिल्ह्याचं ठिकाण शंभरेक किलोमीटर, आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेला नागपूर-मुंबई. पथकाची चिठ्ठी नोव्हेंबरात आली तर शस्त्रक्रिया फुकट होईल, पण वेचणीची मजुरी किलोवर मिळते. लेकराच्या खाटेशी बसलेल्या मायचे ते दहा-पंधरा दिवस, सोबत आलेल्या माणसाचं जेवण, पुढच्या तपासण्यांचं एसटीभाडं, हे सगळं घरच्यांच्याच अंगावर. मग ती साहजिकच म्हणते, एवढा वेचा होऊ द्या. त्या दिवसांची मजुरी उपचाराच्या रकमेतच धरली आणि भरती होतानाच तिच्या हातात दिली, तर ती नोव्हेंबरातच गाडीत बसेल.