इंजिन ऑइल चहासारखं दिसतंय? गाडी चालू करू नका. आधी पाणी कुठून आलं ते शोधा

वर्धा : सकाळी गाडी काढायची, ऑइलची काडी उघडून पाहिली, तर काळ्या-तपकिरी ऑइलऐवजी दुधाच्या चहासारखा किंवा साईसारखा रंग. असं दिसलं की समजायचं, ऑइलमध्ये पाणी गेलं आहे. अशा वेळी बरेच जण दोनपैकी एक चूक करतात. कोणी "चालते ना, मग चालू द्या" म्हणून गाडी तशीच दामटतो. कोणी घाबरून लगेच पूर्ण इंजिन खोलायला देतो. दोन्हीत नुकसान आपलंच आहे. थोडं थांबून तपासलं तर दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा घरच्या घरी कळते.

आधी आपली गाडी कोणती ते पाहा

गावात जास्त दिसणाऱ्या स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, शाइन, प्लॅटिना या गाड्यांचं इंजिन हवेवर थंड होते. इंजिनावर पंख्यासारख्या पात्या असतात. यात रेडिएटर नाही, कूलंटही नाही. त्यामुळे अशा गाडीच्या ऑइलमध्ये कूलंट जाऊच शकत नाही. तिथे पांढरं ऑइल म्हणजे बाहेरचं पाणी. "कूलंट लीक आहे" असं कोणी सांगत असेल, तर त्याला रेडिएटर दाखवायला सांगा.

पल्सर एनएस २००, यामाहा आर १५, केटीएम ड्यूक या गाड्यांना पुढच्या चाकामागे रेडिएटर असतो. यात कूलंट इंजिनभर फिरते. पल्सर २२० एफला जाळी दिसते, पण तो ऑइल कूलर आहे, त्यात कूलंट नसते. ट्रॅक्टरचं इंजिन मात्र बहुतेक पाण्यावरच थंड होते, म्हणून खाली सांगितलेलं बरंचसं ट्रॅक्टरवाल्यांनाही लागू आहे.

पाणी येण्याच्या तीन वाटा

पहिली, वाफेचं पाणी. हिवाळ्यात घर ते शेत असा दोन-तीन किलोमीटरचाच फेरा असेल तर इंजिन पुरतं तापत नाही. आतली वाफ थंड होऊन झाकणाखाली साय धरते. झाकणाला पांढरं, पण काडीवरचं ऑइल स्वच्छ, असं असेल तर घाबरू नका. गाडी एकदा २०-२५ किलोमीटर सलग चालवा. साय पुसून काढा आणि पुन्हा येते का ते पाहा.

दुसरी, पुराचं किंवा धुण्याचं पाणी. वणा, यशोदा, धाम या नद्यांना पूर आला की रपट्यावरून, नाल्यातून गाडी घालणारे कमी नाहीत. एअर फिल्टर आणि इंजिनच्या श्वासनळीतून पाणी आत शिरते. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप थेट ऑइलच्या झाकणावर मारला आणि झाकणाचा रबरी रिंग कडक झालेला असला, तरी पाणी जाते. पाण्यात गाडी बंद पडली तर किक किंवा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ढकलत बाहेर काढा.

तिसरी, कूलंट. हे फक्त रेडिएटरवाल्या गाडीत. यातही दोन जागा मुख्य आहेत.

वॉटर पंप की हेड गॅस्केट?

वॉटर पंपाच्या दांड्यावर दोन सील असतात. एक कूलंट अडवते, दुसरं ऑइल. बऱ्याच गाड्यांत दोघांच्या मधे बाहेर उघडणारं बारीक छिद्र ठेवलेलं असते. एक सील गेलं की तिथून थेंब पडतो, म्हणजे गाडी स्वतःच इशारा देते. पण ते छिद्र चिखलाने बुजलं किंवा कोणी "लीक बंद" म्हणून एमसील लावून बुजवलं, तर कूलंट ऑइलकडे वळते. हे छिद्र कधीच बुजवू नका.

हेड गॅस्केट म्हणजे सिलिंडर आणि हेडमधलं पातळ पॅकिंग. गाडी एकदा जबर तापली की हेड वाकते आणि हे पॅकिंग जागा सोडते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. कूलंट कमी असताना गाडी पळवली तर हा धोका मोठा.

ओळखायचं असं :

- कूलंटची टाकी पुन्हा पुन्हा कमी होते, पण जमिनीवर थेंब नाही. उलट ऑइलची पातळी वाढते. मग कूलंट आत जात आहे.
- ऑइल दुधाळ, पण धूर साधा, गाडी तापत नाही आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. आधी वॉटर पंपाचं सील तपासा.
- गाडी गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर, रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे, गाडी वारंवार तापते. हेड गॅस्केटवर संशय घ्या.

रेडिएटरचं झाकण गाडी पूर्ण थंड असतानाच उघडा. गरम असताना उघडलं तर उकळतं कूलंट तोंडावर येते. बुडबुडे पाहायचे तर थंड गाडीचं झाकण काढून मग गाडी थोडा वेळ चालू करा.

ऑइलमध्ये पाणी आहे का याचीच शंका असेल तर चमचाभर ऑइल तापलेल्या तव्यावर दुरून टाका. तडतडलं तर पाणी आहे. डोळे सांभाळा आणि तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. मात्र ते पाणी पावसाचं की कूलंटमधलं, हे तवा सांगत नाही. ते कूलंटच्या टाकीवरूनच कळते.

तशीच चालवली तर काय होते?

पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगवर टिकत नाही. धातूला धातू घासतो. कूलंटमधलं ग्लायकॉल ऑइलशी मिसळून चिकट गाळ करते आणि ऑइलच्या वाटा बुजतात. मोटारसायकलमध्ये क्लच प्लेटही बहुधा त्याच ऑइलमध्ये असतात, त्यामुळे क्लच घसरायला लागतो. सीलचा खर्च लहान असतो, क्रँकचा मोठा.

दुरुस्तीचा क्रम

गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत टाकून न्या. आधी दोष काढा, मगच ऑइल बदला. नाहीतर नवीन ऑइलही पांढरं होईल. जुनं ऑइल काढा, फिल्टर आणि जाळी साफ करा किंवा बदला. नवीन ऑइल भरून पाच-दहा मिनिटं गाडी उभ्यानेच चालवा, पुन्हा काढा. ऑइल स्वच्छ निघेपर्यंत हे करा. आत डिझेल टाकून इंजिन चालवू नका. ऑइल मोटारसायकलचंच, डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए २' लिहिलेलं घ्या.

कूलंट कमी झालं तर बोअरचं पाणी टाकू नका. क्षाराने रेडिएटर आतून बुजतो. तयार कूलंट असेल तर तसंच भरा, घट्ट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळा.

शेवटी एक महत्त्वाचं. कूलंट गोड लागते आणि ते विष आहे. काढलेलं कूलंट किंवा त्याचं ऑइल गोठ्याजवळ उघड्या टोपल्यात ठेवू नका. जनावर, कुत्रं किंवा लहान लेकरू तोंड लावू शकते. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. विहिरीजवळ किंवा धुऱ्यावर ओतू नका.

आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना, ऑइलची काडी किंवा काच आणि कूलंटची टाकी पाहायला दोन मिनिटं लागतात. ऐन पेरणीत गाडी उभी राहण्यापेक्षा ही दोन मिनिटं परवडतात.