परसातील कोंबड्या: मुंगूस, कोल्ह्यापासून संरक्षण

खुराड्याला बारीक तारेची चिकन जाळी लावली म्हणजे काम झाले, असे समजू नये. ती जाळी कोंबड्यांना आत ठेवते. कोल्हा किंवा कुत्रा ती दातांनी फाडतो. खालच्या तीन फुटांना अर्धा इंच छिद्रांची वेल्डमेश जाळी लावावी. हे प्राणी कडेने उकरून आत शिरतात, म्हणून जाळीचा फूटभर पट्टा बाहेरच्या बाजूला आडवा दुमडून मातीखाली दाबावा. खर्च वाचवायचाच तर छपरात वाचवावा, इथे नको.

कोंबड्या अंधार पडण्यापूर्वी मोजून कोंडाव्यात. मुंगूस मात्र दिवसा येते; पिल्ले डालग्याखाली ठेवावीत. विषारी आमिष टाकू नये. त्याने गावातली कुत्रीही मरतात आणि मुंगूस, कोल्हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार संरक्षित आहेत.