चित्र गोठते तेव्हा...

रावेर तालुक्यातल्या केळीबागेत राबणाऱ्या मजुराला तज्ज्ञ डॉक्टरांसाठी जळगाव गाठायचे, तर दिवसाची मजुरी बुडते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-संजीवनी’मुळे जवळच्या आरोग्य केंद्रातूनच असा सल्ला मिळू शकतो. पण ऐन बोलण्यात चित्र गोठले, तर रुग्णाला धाप लागली आहे का, हेही तज्ज्ञांना दिसत नाही.

इथेही आधी निदान, मग उपचार. संगणक केबलने थेट राउटरला जोडून पाहावा. तरीही वेग कमीच असेल, तर दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या लाइनचा. कंपनीकडे तक्रार करावी. केबलवर सुरळीत चालले, तर दुखणे वायफायचे.

वायफाय म्हणजे रेडिओलहरी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूरवर पोहोचतात. ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान, पण भिंतीत लवकर क्षीण होतात. जाड भिंती, लोखंडी कपाटे, एक्स-रे खोलीतले शिसे त्यांना अडवते. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ च्याच आसपास चालतो आणि व्यत्यय आणतो. शेजारचे राउटर एकाच चॅनेलवर असले की गर्दी होते, २.४ वर १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळे चॅनेल निवडावे.

राउटर कपाटात कोंडू नये. उंचावर, मोकळ्या जागी, मध्यभागी ठेवावा. सल्ल्याचा संगणक मात्र कायम केबलवरच असावा.

आणि छातीत दुखणाऱ्या किंवा श्वास लागलेल्या रुग्णाला पडद्यावरचे फिरते चक्र बघत बसवू नये. तेव्हा थेट १०८ लावावा.