सेल्फ फिरला नाही तर

ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड-दिंडोरीपासून तासगावपर्यंतच्या द्राक्षबागांत सगळ्यांचा जीव फवारणीत अडकलेला असतो. रात्री सर येऊन गेलेली, पानांवर ओल, डाऊनीची भीती, ब्लोअर भरून तयार. चावी फिरवावी तर सेल्फमधून नुसता 'टक्' आवाज! मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून ओढून चालू करायची धावपळ, आणि संध्याकाळी एकच निदान: बॅटरी गेली. नवी बॅटरी येते. काही महिन्यांनी तीही उतरते.

बागेतल्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरांवर हा अन्याय सर्रास होतो. बॅटरी हा बहुतेक वेळा भोगणारा भाग असतो. दोष दुसरीकडेच असतो. तो शोधायला साधा मल्टिमीटर आणि अर्धा तास पुरतो. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे, की आधी मोजा आणि मग पाकीट काढा.

चार्जिंगमधला दोष इतके दिवस लपतो कसा? जुन्या डिझेल इंजिनाला पेट घ्यायला ठिणगी लागत नाही. यांत्रिक पंपाचे इंजिन एकदा चालू झाले की विजेवाचूनही दिवसभर चालते. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बंद पडला तरी कामात काही जाणवत नाही. शिवाय सेल्फ एका वेळी २०० अँपिअर ओढत असला, तरी ५ सेकंदांत तो जेमतेम पाव अँपिअर-तासाच्या आसपास खर्च करतो. भरलेली बॅटरी असे कितीतरी स्टार्ट मुकाट्याने देते. त्यामुळे अल्टरनेटर आज बिघडतो आणि त्याचा पत्ता लागतो कितीतरी दिवसांनी, ऐन घाईच्या सकाळी.

मोजायला सुरुवात बॅटरीपासूनच करावी, पण ट्रॅक्टर रात्रभर उभा असताना. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून काट्याकडे पाहावे. भरलेल्या बॅटरीचा दाब त्या वेळी १० व्होल्टच्या बराच खाली कोसळत असेल, तर बॅटरी कमकुवत आहे किंवा सेल्फच जास्त ओढतोय. टोपणे उघडता येत असतील तर हायड्रोमीटर घालावा. पाच घरांची ग्रॅव्हिटी सारखी आणि एकाची स्पष्ट कमी, तर ते घर गेले. अशा बॅटरीची आशा सोडावी. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालावे, बोअरचे कधीही नाही.

बॅटरी ठीक निघाली तर इंजिन चालू करून थोडे रेस करावे आणि पुन्हा टर्मिनलवर मोजावे. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा दिसला तर चार्जिंग होते आहे. तो १२.५ वरून हलतच नसेल तर होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे, तो बॅटरीतले पाणी आटवणार. हे एक माप सगळ्यात मोलाचे आहे. जुन्या ट्रॅक्टरवरच्या अँपिअर मीटरने मात्र फसू नये. स्टार्टनंतर काटा अधिककडे जाऊन हळूहळू शून्याजवळ येतो, कारण बॅटरी भरत आलेली असते. तो काही बिघाड नव्हे.

चार्जिंग होत नाही म्हटल्यावर लगेच अल्टरनेटर उतरवायची घाई नको. आधी बेल्ट पाहावा. अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण १ सेंटीमीटर दबावा. ढिला किंवा काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर घसरतो.

नंतर तारा. बागेत हा भाग फार महत्त्वाचा आहे. बोर्डो मिश्रणात मोरचूद असते, आणि ब्लोअरचा तुषार वाऱ्याबरोबर ट्रॅक्टरवर बसतोच. मोरचूद लोखंड खाते. बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या बोल्टखाली गंज धरतो आणि वरून सगळे घट्ट दिसते. इंजिन चालू असताना, दिवे लावून, मल्टिमीटरची एक पिन अल्टरनेटरच्या अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर धरावी. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर वाटेत अडथळा आहे. बोल्ट काढून, खरडून, ग्रीस लावून बसवला की कित्येक 'जळालेले' अल्टरनेटर जिवंत होतात.

डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या छोट्या दिव्याकडेही लक्ष द्यावे. अनेक अल्टरनेटरांमध्ये फिरत्या चुंबकाला पहिला प्रवाह याच दिव्यातून मिळतो. चावी दिली, इंजिन बंद आहे, तेव्हा तो पेटलाच पाहिजे. पेटत नसेल तर बल्ब, फ्यूज किंवा अल्टरनेटरकडे जाणारी बारीक तार तपासावी. बल्ब उडाला तर चांगला अल्टरनेटरही जागा होत नाही. काही रुपयांच्या बल्बपायी हजारांचा अल्टरनेटर बदललेला पाहिला की जीव तळमळतो.

काही छोट्या ट्रॅक्टरांवर अल्टरनेटरऐवजी कायम चुंबकाचा डायनमो आणि वेगळा रेग्युलेटर असतो. डायनमोतून येणाऱ्या दोन तारा सुट्या करून, मीटर एसीवर ठेवून, रेस करून मोजावे. बहुधा २० व्होल्ट किंवा जास्त मिळायला हवेत. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. तेवढे मिळाले तर संशय रेग्युलेटरवर, नाही तर डायनमोवर. असा डायनमो १५० वॉटचा असेल आणि रात्रीच्या फवारणीसाठी ५५ वॉटचे ४ हॅलोजन लावले असतील, तर खर्च २२० वॉट होतो. बिघाड कुठेच नसतो आणि बॅटरी तरी रोज उतरते.

एक जुनी सवय मात्र कळकळीने सोडायला सांगतो. डायनमो आणि कटआऊटच्या काळात चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढून 'चार्जिंग बघत'. अल्टरनेटरवर हे केले की दाब उसळतो आणि आतले डायोड, रेग्युलेटर जळतात. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन जवळ असताना ठिणगी उडणेही जिवावर बेतू शकते. वेल्डिंग करतानासुद्धा केबल काढूनच ठेवावी. केबल काढताना ऋण आधी, जोडताना ऋण शेवटी.

दिवसा चार्जिंग नीट आणि उभ्या उभ्या बॅटरी उतरते, असे असेल तर गळती शोधावी. चावी बंद करून ऋण केबल काढावी आणि मधे मीटर १० अँपिअरवर लावावा. त्या वेळी सेल्फ मारू नये, मीटर जळेल. साध्या वायरिंगच्या जुन्या ट्रॅक्टरवर इथे जवळपास शून्य यायला हवे. ५० मिलिअँपिअर दिसले तर रोजचे १.२ अँपिअर-तास जातात. ६० अँपिअर-तासांची बॅटरी २५ दिवसांत निम्मी होते. अल्टरनेटरची जाड तार सोडल्यावर गळती थांबली तर आतला डायोड फुटला आहे. नाही तर एकेक फ्यूज काढत जावे.

दोष सापडून दुरुस्ती झाली तरी पार उतरलेली बॅटरी तशीच ट्रॅक्टरवर चढवू नये, ती भरताना अल्टरनेटर तापतो. बाहेरच्या चार्जरवर, क्षमतेच्या दहाव्या भागाइतक्या प्रवाहाने, म्हणजे ६० अँपिअर-तासांसाठी ६ अँपिअरने, ती पूर्ण भरावी आणि मगच बसवावी. त्या दिवशीचे तिन्ही आकडे, उभ्या ट्रॅक्टरचा, सेल्फ मारतानाचा आणि चालू इंजिनाचा, फवारणीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. पुढच्या छाटणीआधी पुन्हा मोजताना तुलनेला तेच लागतात.