जुन्या पिकअपचे स्टिअरिंग व्हील काढताना

गळीत हंगाम आटोपला की दारोदार गाड्यांची डागडुजी निघते. खताच्या गोण्या, बेणे, पाइपलाइनचे सामान वाहून वाहून जुनी जीप-पिकअप थकलेली असते. उन्हाने व्हीलला तडे जातात, हॉर्न वाजेनासा होतो. मग व्हील काढायचे ठरते आणि कोणीतरी उत्साहाने हातोडा घेऊन येतो. आम्हाला लिहायचे आहे ते या हातोड्याविषयी.

व्हील दांड्याच्या टोकावरील बारीक खाचांत बसते, वरून नट असतो. वर्षानुवर्षांच्या गंजाने ते असे धरते की नट सोडवला तरी जागचे हलत नाही. जुन्या जीपच्या घडणीच्या बऱ्याच गाड्यांत दांडा सरळ खाली स्टिअरिंगच्या पेटीत उतरतो. वर घातलेला घाव तिथल्या वर्मवर आणि बेअरिंगवर बसतो. बेअरिंगच्या कडीला खड्डे पडले की वळणावर स्टिअरिंग अडखळते. घाव आट्यांवर बसला तर नट नीट आवळत नाही, आणि मग भरल्या गाडीत व्हील हातात येण्याची भीती. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

खरे काम पुलरचे. आधी चाके सरळ करा, बॅटरीची अर्थिंगची वायर सोडा. हॉर्नचे बटण काढा. खालची स्प्रिंग उडून गवतात जाते, तेव्हा हात धरून काढा. नट सैल करा, पण पुरा काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. व्हील झटक्यात सुटले तर तोंडावर येत नाही. दांडा आणि व्हील या दोहोंवर पंचाने एका रेषेत खूण करा. ही खूण विसरली की गाडी सरळ चालते आणि व्हील तिरके राहते. गंजावर पातळ तेल सोडून रात्रभर थांबा.

पुलरचे पाय मधल्या जाड गाभ्याखाली लावा, बाहेरच्या कड्याला कधीही नाही. गाभ्याला आट्यांची दोन भोके असतील तर पुलरचे बोल्ट त्यांतच बसवा. मधला स्क्रू हळूहळू आवळा. सुटताना 'टक्' आवाज येतो, तो ऐकून घाबरायचे नाही. काही मेस्त्री गॅसची ज्योत मारतात. त्याने व्हील जळते, वायरीही जातात.

बसवताना खाचा पुसून घ्या, खुणेला खूण जुळवा आणि नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या जोराने आवळा. लॉक वॉशर नवा घाला, जुन्याची कंजुषी नको. मग उभ्या गाडीत व्हील दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहा, हॉर्न वाजवा आणि मोकळ्या वावरात गाडी सावकाश चालवून बघा.

व्हीलमध्ये एअरबॅग असलेल्या नव्या गाडीला मात्र घरी हात लावू नका. ती थेट कंपनीच्या वर्कशॉपला न्यावी.